दोन चाकांपुरती हवा

दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर तसा कामाचा माणूस, फक्त कौतुकाचा भुकेला. सिस्टरनी गमतीत त्याला सारथी म्हटलं, तर गडी ते मनावर घेऊन बसला. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये कोरड्या नदीचं वाळूचं रुंद पात्र होतं. वाळूत शिरण्याआधी तो चारही चाकांची हवा कमी करायचा, म्हणजे चाकं पसरून वाळूवर चालत. पलीकडे डांबरावर चढलं की पुन्हा भरायची, नाहीतर मऊ चाक तापून फाटायचं. पूर्वी हे काम पायपंपाने चाले आणि सारथ्याचे गुडघे बोलायला लागत. मग बॅटरीवरचा पंप आला. ना वायर, ना लोंबकळणं. नळी लावली, बटण दाबलं की घरघर सुरू. बॅटरी मात्र सिस्टर स्वतः दवाखान्यात चार्जिंगला लावत, कारण चार्जर तिथेच असे.

त्या रविवारी त्याची बहीण नवऱ्यामुलांसह आली. मेहुणा म्हणजे बढाईचं पोतं. आमच्याकडे हे, आमच्याकडे ते, ऐकून ऐकून सारथ्याचं डोकं उठलं. दुपारी मुलांचा रबरी हौद फुंकून फुंकून मेहुण्याचे गाल दुखायला लागले आणि आपल्या गड्याला चेव आला. दवाखान्याची किल्ली त्याच्याकडे असायचीच. तो चार्जरवरची बॅटरी काढून पंपासकट घेऊन आला आणि बघता बघता हौद टम्म फुगवला. मग चेंडू, मग गल्लीतल्या झाडून सगळ्या सायकली. "वा, साहेबांचा थाट आहे!" मेहुणा म्हणाला. एवढ्या एका वाक्यासाठी त्याने बॅटरी पार पिळून काढली. पाहुणे गेल्यावर तो आडवा झाला तो थेट सकाळीच उठला. बॅटरीचा एकच दिवा लुकलुकत होता. भागेल तेवढ्यात, म्हणत त्याने ती जीपमध्ये टाकली.

आज शेजारच्या मास्तरीणबाईंना न्यायचं होतं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच बाराखडी शिकवलेली, सारथ्यालाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शहरातल्या इस्पितळात ऑपरेशनचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत आणि दुपारी निघून जात.

"दिसायला लागलं की पहिलं काय करणार बाई?" जीपमध्ये शेजारी बसलेल्या सिस्टरनी विचारलं.

"चहा ओतणार. कपात," बाई म्हणाल्या. "सध्या बशीत नाहीतर पायावर जातो."

वाळू पार झाली. पुढची दोन चाकं भरली. तिसऱ्या चाकाला पंप कण्हला आणि गप्प झाला. पायपंप त्याने कधीच अडगळीत फेकला होता.

"बॅटरी खराब निघाली वाटतं," तो म्हणाला.

मागची चाकं मऊ, त्यामुळे जीप बैलगाडीसारखी निघाली. मधल्या पेट्रोल पंपावर हवा मिळाली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. इस्पितळात पोचले तेव्हा डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडत होती. पुढच्या महिन्यात या, असं नोंदणीच्या खिडकीवरून कळलं.

बाहेरच्या बाकावर सिस्टरनी बाईंचे हात धरले. "बाई, चूक माझी आहे. शनिवारी मीच चार्जिंगला लावायला विसरले असणार. मला माफ करा."

सारथी समोर उभा होता. सिस्टर कधी विसरत नाहीत हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? बोलावं असं वाटत होतं, आणि कुणी विचारू नये असंही वाटत होतं. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडेना. सिस्टर रडायला लागल्या तरीही नाही.

"सारथी," बाई म्हणाल्या, "काल तुझ्या अंगणात मुलं फार हसत होती रे."

बस्स, एवढंच. त्याच्या डोळ्यांपुढे तो टम्म फुगलेला हौद आला.

"पंप मीच नेला होता," तो म्हणाला. "सिस्टर, तुम्ही बॅटरी लावली होती. मी काढून नेली. हौद भरला, सायकली भरल्या."

सिस्टरनी पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काल तीच घरघर ऐकली होती. आज पहिल्याच चाकाला ओळखली," बाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत बाई?" सिस्टरनी विचारलं.

"तो बोलेल असं वाटलं."

परतताना सिस्टरनी रिकामी बॅटरी पंपातून काढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. आरशात बाईंचे डोळे थेट त्याच्यावर रोखलेले दिसत होते. त्यांना काही दिसत नाही हे सारथ्याला पक्कं माहीत होतं. तरी थोडं पुढे गेल्यावर त्याने हात वर केला आणि आरसा दुसरीकडे फिरवला.