समोरच्या दुकानातली दादी

दादी गिऱ्हाइकाला कधी उभं ठेवत नसे. बाई पायरी चढली की गादीवर हात आपटून म्हणायची, "बस माई, पयले पानी पी." पाण्याबरोबर भाजलेला पापड यायचा. कापडाची गोष्ट त्यानंतर.

फाळणीनंतर लोणावळ्याच्या बाजारात सिंध्यांची दुकानं झाली, त्यांतलं तिचं नेमकं आमच्या लुगड्यांच्या दुकानासमोर. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. ऐन चाळिशीतच अख्खा बाजार तिला दादी म्हणू लागला, माझे यजमानसुद्धा. मी मात्र सगळ्यांची नुसती 'दुकानातली वहिनी'.

आंदर मावळातल्या ठकूमावशी आमचं जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आल्या आणि आमच्या पायरीवरून पुढे निघाल्या.

"मावशी, तिकडे कुठं?"

"पोरीला नायलॉन पायजे बाई. तुमच्याकडं न्हाई ना!"

जरा वेळानं समोरून त्यांचं खळखळून हसणं ऐकू आलं. आमच्या गादीवर त्या अशा कधी हसल्या नव्हत्या.

"आपणही नायलॉन ठेवू या," मी यजमानांना म्हटलं.

"ठेवू. पण दादीसारखं गोड बोलायला कोण बसणार? तू?"

ते फार लागलं.

मग एकदा दादीच आमच्याकडे आली. लुगडं घेतलं आणि म्हणाली, "नेसायला शिकव." मागच्या खोलीत मी शिकवलं. माझ्या अंगावर कधी बसलं नाही असं ते तिच्या अंगावर चापूनचोपून बसलं. ती बाहेर आली तर यजमान म्हणाले, "वा, दादी!" मी उगाच कपाटाची काच पुसत राहिले.

पुढे तिच्या मुलानं उल्हासनगरला मोठं दुकान घेतलं. दादी निघाली त्या दिवशी गावोगावच्या बायका आल्या. ठकूमावशी तर पदर तोंडाला लावून रडल्या. आमचं दुकान उद्या उठलं तर कोण रडेल, असं मनात घेऊन मी पायरीवरच उभी होते. तेवढ्यात ती रस्ता ओलांडून आली आणि तिनं माझे हात धरले.

"तुला बघून मी लय जळली, वहिनी."

"माझ्यावर?"

"म्हाताऱ्या बायका येतात, तुझ्या सासऱ्याची आठवण काढतात. तिकडं सिंधमध्ये, शिकारपूरला आमचं पण दुकान होतं. इथं माझ्या सासऱ्याचं नाव कोणाला ठाऊक?"

"काय नाव त्यांचं?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. टांगेवाला हाका मारत राहिला, तरी तिचं सांगणं संपेना.