होडीला भरलेली गाडीची पुट्टी

दुष्काळात तलाव तळापर्यंत भेगाळला, तेव्हा मच्छीमार सोसायटीने आपली फायबरची होडी चारा छावणीला दिली. टँकरवाला तिच्यात पाणी सोडायचा आणि जनावरं तिच्यात तोंड घालायची. एक दिवस एका तहानलेल्या खोंडाने सरळ आतच उडी घेतली. त्याचा खूर तळातून आरपार गेला.

पुढच्या वर्षी तलाव भरला. माझे मामा सोसायटीचे जुने सभासद, होडी त्यांच्याच ताब्यात असायची. मी माजलगावात एका गॅरेजवर गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करत होतो. चेअरमन मामांना म्हणाले, "भाचा तुमचा कारागीर हाय की. बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा?"

ऐकून मी फुगलो. जीपचं चेपलेलं दार मी असं करून द्यायचो की मालकालाही जागा सापडायची नाही. होडी म्हणजे तरी काय, मोठं बोनेटच! भोकाला आतून पोत्याचा तुकडा चिकटवला, बाहेरून गाडीची पुट्टी भरली, बाकीचे चरेही तिनेच बुजवले. पॉलिश पेपर मारला, निळा रंग दिला. सोसायटीच्या लोकांनी नारळ फोडला. मामी होडीवरून हात फिरवत म्हणाली, "लई देखणी झाली रं."

बारा-तेरा दिवसांनी मामीचा फोन आला. "तू ये बरं इकडं," एवढंच म्हणाली.

होडी काठावर उपडी घातली होती. रंगाला तळहाताएवढे फोड आले होते. एकाला नख लावलं तर पुट्टीची खपलीच हातात आली. खालची पुट्टी भिजलेल्या खडूसारखी मऊ. खुराच्या जागी बोट दाबलं, तर ते सरळ पलीकडे निघालं. पोतं कुजलं होतं. माणसं ज्यावर पाय ठेवून बसत होती, तिथे जवळजवळ काहीच नव्हतं.

"काल आमी मधोमध गेलतो," मामा म्हणाले. "पायाला गार लागलं. बघतो तर पाणी. तुझी मामी पातेल्यानं उपसत व्हती, म्हून काठाला लागलो."

मी मामीकडे पाहिलं. ती जाळं सोडवत बसली होती, वर बघेना. मामांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी परळी गाठली. तिथे कूलरच्या टाक्या आणि देवळांचे फायबरचे कळस करणारे एक चाचा होते. मी खपली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बोटांत चुरली.

"गाडी पावसात भिजती बे, पाण्यात राहत न्हाई. ह्या पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असती. ती पाणी पिती. आन् भोकाला काय लावलंस?"

"पोतं."

चाचांनी चष्मा काढला. "माणसं बसलती तिच्यात?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी उठून एक डबा आणला आणि त्यातली करडी भुकटी माझ्या तळहातावर ठेवली. हातावर काही आहे असं वाटेचना. त्यांनी चिमूटभर पेल्यातल्या पाण्यात टाकली, तर सगळी वर तरंगली.

"औष्णिक वीज केंद्राची राख. राखेच्या तळ्यावर तरंगती ती. बारीक बारीक मणी, आतून पोकळ."

"राख?" मी ओरडलोच. माझी बहीण परळीतच दिली आहे. ताट वाढण्याआधी ती त्यावर केंद्रातून उडून बसलेली राख पुसून घेते. "होडीला राख लावू?"

"ताकद राखेची न्हाई. पैलं काचेच्या धाग्याचं कापड, दोन्ही अंगानं, इपॉक्सीच्या चिकट रसायनात भिजवून. भोक त्यानं बंद कर. मग राख इपॉक्सीत कालवून वरून फिरव, नुसती सपाटीला. घासल्यावर मणी फुटून तोंडं उघडी पडत्यात, म्हून वर कोऱ्या इपॉक्सीचे दोन हात. मग रंग."

आता कुणाच्याही शब्दावर, माझ्या स्वतःच्या हातावरसुद्धा, माझा भरवसा उरला नव्हता. चाचांकडून आणलेल्या कूलर-टाकीच्या फुटक्या फायबरवर मी एका बाजूला गाडीची पुट्टी लावली, दुसऱ्या बाजूला इपॉक्सीत कालवलेल्या राखेचा लेप, आणि तो तुकडा गॅरेजच्या पिंपात आठ दिवस बुडवून ठेवला. काढला तर पुट्टी नखाने निघाली. राखेवर चावी घासली, ओरखडाही उठला नाही.

होडी पुन्हा घासायला काढली. आधी लावलेलं सगळं आणि खुराभोवतीचं तडकलेलं फायबर खरवडून टाकल्यावर भोक ताटाएवढं निघालं. नंतर चाचांनी सांगितलं तसं, एकही पायरी न गाळता केलं.

होडी पाण्यात लोटली तेव्हा नारळ कुणी आणला नव्हता. मामांनी दोर धरला आणि म्हणाले, "बस."

"मी?"

"तूच."

"मला पोहता येत न्हाई, मामा."

"ठावं हाय."

मी बसलो. मामीही येऊन समोर बसली. मामांनी वल्हवत मधोमध नेलं आणि वल्हं वर उचलून धरलं. होडी जागच्या जागी डुलत राहिली. मी तळाकडे टक लावून बघत होतो. तळ कोरडा होता.

"वर बघ की," मामी म्हणाली. "किती पाणी आलंय."

मला मान वर करवली नाही. खुराच्या जागी तळहात टेकवून मी ओल येते का ते चाचपत राहिलो, आणि ते मामीला दिसत होतं.