हायब्रिडला प्लग लावायला गेले

ज्यांच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंट एकच आहे, त्यांनी हे वाचाच.

कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमधले एक काका रोज त्यांची हायब्रिड बरोबर त्या पॉइंटसमोर लावतात. काही बोललं की उत्तर ठरलेलं, "अगं, माझीपण अर्धी इलेक्ट्रिकच आहे!" वर लेक्चर, की तुझी इलेक्ट्रिक रस्त्यात बंद पडेल, माझी पेट्रोलवर पळेल. मान्य आहे काका. पण तुमची गाडी चालता चालता स्वतःची बॅटरी भरते. तिला पॉइंट लागतच नाही!

गेल्या आठवड्यात त्यांच्यामुळे माझी गाडी चार्ज झाली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला रिक्षासाठी भर उन्हात उभं राहावं लागलं. तेव्हाच ठरवलेलं, यांना सोडायचं नाही.

आज त्यांचे व्याही टिटवाळ्याहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. त्यांना चार्जिंग हवं होतं. काका ऐटीत म्हणाले, "करा की, आमचीपण इलेक्ट्रिकच!"

मी तिथेच होते. वायर उचलली आणि एकदम गोड आवाजात विचारलं, "काका, आधी तुमची चार्ज करू. प्लग कुठे लावू?"

व्याह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "अहो, हिला प्लग लावायची जागाच नाही. मग गाडी इथे का लावता?"

काकांनी मुकाट्याने गाडी काढली. व्याह्यांची गाडी मीच चार्जिंगला लावून दिली.

आई म्हणते, पाहुण्यांसमोर असं करायला नको होतं. तुम्हाला काय वाटतं? मी दुपारपासून वाईट वाटायची वाट बघतेय. अजून तरी वाटलेलं नाही.