नहछूची ड्यूटी

मार्चमधला दुसरा रविवार. सकाळचे अकरा. निशातगंज, क्लिनिकचा पहिला मजला.

हजर: केस-प्रत्यारोपण करणारे आमचे डॉक्टरसाहेब, क्लिनिक त्यांचंच. रिसेप्शनवरची रुबीना. शंका विचारायला आलेली पंधरा-वीस माणसं, बहुतेक पुरुष, त्यातले अर्धे टोपी घालून. पहिल्या रांगेत अंशिका नावाची मुलगी आणि तिची आई. आणि मी, हातात माइक.

हजेरी आधी लिहिली, कारण जे झालं ते एवढ्या लोकांसमोर झालं. उद्या कोणी म्हणायला नको की बाई मनाचं सांगतात.

दर रविवारी आमच्याकडे मोफत सवाल-जवाब असतो. खुर्च्या, चहा, नमकीन. डॉक्टरसाहेब शेवटची दहा मिनिटं येतात. तोवर उत्तरं मी देते. माझं पद पेशंट काउन्सेलर. लखनौत आमचं घर जानकीपुरमला, मूळ गाव वऱ्हाडात. माझी हिंदी आता इथल्यासारखीच झाली आहे, त्यामुळे लोक मोकळेपणानं विचारतात.

प्रश्न तेच असतात. दुखेल का? सुन्न करायची इंजेक्शनं दुखतात, पुढचं फारसं नाही. भावाचे केस मला लावता येतील का? नाही, तुमचेच, डोक्याच्या मागचे. बोरिंगच्या पाण्यानं टक्कल पडतं का? हेल्मेटनं? मुंडन केलं तर दाट येतात का? नाही, नाही आणि नाही. औषध कधीपर्यंत लावायचं? बंद केलंत की त्यानं टिकलेले केस जातील, हे धरूनच सुरू करा. त्या दिवशी एका भल्या माणसानं टोपी काढून विचारलं, "मैडम जी, आगे वाले शादी ले गई. पीछे वाले आपको दे दूँ, तो मेरे पास बचेगा क्या?" सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, मागे भरपूर आहेत, घाबरू नका.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. माझ्या हातातून माइक घेतला.

"हमारी मैडम से बालों का कुछ छिपा नहीं है. पूछिए क्यों. महाराष्ट्र की हैं, ख़ानदानी नाई परिवार से. इनके पिताजी उस्तरा चलाते थे. बाल तो इनके ख़ून में हैं."

पुन्हा हसू. चहाचा कप हातात असताना माणसं हसतात तसं. कुणाच्या मनात वाईट नसेलही.

वडिलांचा व्यवसाय मी कधी लपवला नाही. नोकरीला लागताना साहेबांनी विचारलं, मी सरळ सांगितलं. आम्ही नाभिक. ती माहिती साहेबांनी कुठे ठेवली होती, ते त्या रविवारी कळलं.

अंशिकाची आई पुढे झुकली. सरोजिनी नगरला त्यांचा मोठा बंगला आहे. पाच मिनिटांपूर्वी मला मैडम जी म्हणत होत्या.

"अरे, तो आप नाऊन हैं. पहले बतातीं." मग माझ्या डोक्यावरून साहेबांना, "डॉक्टर साहब, हमारी वाली तो बेटे के पास सूरत चली गई. अगले महीने शादी है. नहछू कौन करेगा, यही सोच-सोचकर परेशान थी."

नहछू म्हणजे लग्नाआधीचा इथला एक विधी. नाऊन, म्हणजे न्हाव्याच्या घरची बाई, खाली बसते. नवरी पाटावर. नाऊन तिच्या पायाची नखं काढते, पाय धुते, महावर लावते, म्हणजे आपला आळता. त्याबद्दल तिला नेग मिळतो. साडी, काही पैसे, धान्य. पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. कुणी कुणाच्या पायाशी बसायचं तेही ठरलेलं.

साहेब म्हणाले, "तो इनको ले जाइए. हम भेज देंगे."

भेज देंगे.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

त्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुम सुबह नहाकर आना. और सूती साड़ी पहनना, ये कोट-वोट नहीं."

आप गेलं, तुम आलं. तेवढ्याच वेळात. मी काही बोलायच्या आत साहेबांनी पुढचा प्रश्न घेतला. मी खुर्च्या आवरल्या. कप मोजून पँट्रीत दिले.

माझ्या बाबांनी हेच सोडलं होतं. गावात सकाळी धोकटी काखेत मारून ते घरोघर जायचे. वाड्यावरच्या माणसांची दाढी करायची ती अंगणात, उकिडवं बसून. त्यांना पाणी वरून वाढायचे. कुणाच्या लग्नात मशाल धरायची, कुणाच्या मयतीला पोरांची डोकी करायची. वर्षाकाठी खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. एका वर्षी ते खळ्यावर गेलेच नाहीत. तालुक्याला टपरी टाकली, एक आरसा, एक खुर्ची. गावातून बोलावणं आलं तेव्हा म्हणाले, "ज्याले केस कापाचे आहे त्यानं दुकानात यावं." गावानं दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोलणं टाकलं. आजी रडायची. बाबा नाही परतले. त्या एका खुर्चीवर आम्ही तीन भावंडं शिकलो.

म्हणून मला केसांच्या कामाची लाज नाही. कापायचं असो, लावायचं असो. कुणीतरी मला उचलून कुणाच्या पायाशी ठेवावं, याची चीड आहे.

मंगळवारी आमच्या ग्रुपवर पुढच्या महिन्याची ड्यूटी पडली. सुट्ट्या ठरवता याव्यात म्हणून आधीच पडते. रुबीना रिसेप्शन. तंत्रज्ञांच्या पाळ्या. माझ्या नावापुढे लिहिलेलं: "आउटडोर ड्यूटी, अंशिका जी के घर, नहछू. गाड़ी क्लिनिक से."

मी दोनदा वाचलं. सात वर्षांत माझ्या नावापुढे पहिल्यांदाच असं काही आलं होतं. त्याखाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. ही चूक आहे का, असं कुणी विचारलं नाही. क्लिनिकच्या कामात जात अशी बसली होती, जशी रक्त तपासणीची वेळ बसते.

घरी दाखवलं. नवऱ्यानं चष्मा काढून फोन लांब धरला.

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "जाऊन ये. या वयात दुसरी नोकरी कुठं शोधतेस?"

माझी मुलगी सायली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. म्हणाली, "पापा, आपको कोई बोले कि मशीन छोड़ो, आओ हमारी दाढ़ी बना दो, तो आप जाओगे?"

ते कंपनीत फिटर होते, आता निवृत्त. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "साइटवर असताना साहेबानं सांगितलं होतं एकदा. आडनाव विचारलं आणि म्हणाला, तुम्हें तो आता होगा."

"फिर?"

"बनवली दाढी. मग दर रविवारी बनवली. बदली होईपर्यंत."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. सायलीनं टीव्ही बंद केला. ते उठले, ताट बेसिनमध्ये ठेवलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "तू नको जाऊस."

बुधवारी अंशिका आणि तिची आई आल्या. शस्त्रक्रियेआधी पेशंटच्या शंका मिटवायच्या, मग सही घ्यायची, हे माझं काम. अंशिकानं ओढणी मागे घेतली. कानाच्या वर चाई पडलेली, दोन गुळगुळीत गोल. एक जुना. दुसरा जानेवारीनंतरचा, असं तिनंच सांगितलं.

आई म्हणाली, "शादी तक बाल आ जाने चाहिए. डॉक्टर साहब ने कहा है, हो जाएगा."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "आंटी, सच बताइए. जो लगाएँगे, वो भी गिर गए तो?"

हा प्रश्न रोज येतो. पण बहुतेक जण वडिलोपार्जित टक्कल घेऊन येतात. हिची गोष्ट वेगळी. मी सांगितलं. बेटा, लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळतातच, सगळ्यांचे. नवे तीन-चार महिन्यांनी दिसायला लागतात, पूर्ण व्हायला वर्ष जातं. लग्न पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे त्या दिवशी आजच्यापेक्षा कमीच दिसतील. आणि नवी चाई पडते आहे म्हणजे आजार चालू आहे. चालू असताना लावलेले केसही जाऊ शकतात. आधी चामडीच्या डॉक्टरला दाखव. पुष्कळांचे औषधानं परत येतात, काहींचे आपोआप. मग ठरव.

मुलीनं खांदे खाली सोडले. आईनं पर्स उचलली आणि साहेबांना बोलावून आणलं.

साहेब दारातूनच म्हणाले, "मैडम, आपका काम पेशंट को डराना नहीं है."

"सवाल मुझसे पूछा गया था, सर. जवाब मैंने दिया. ग़लत हो तो आप इनके सामने बता दीजिए."

ते अंशिकाच्या डोक्याकडे बघत राहिले.

"और एक बात. नहछू में मैं नहीं जाऊँगी."

आईला खरंच आश्चर्य वाटलं. "क्यों? तुम लोगों के यहाँ करते नहीं क्या?"

"मैं यहाँ काउन्सेलर हूँ. मुझे कोई किसी के घर भेज नहीं सकता. और आप मुझे आप ही कहिए, जैसे इतवार को कह रही थीं."

साहेब हसले. प्रकरण हलकं करायचं तेव्हा हसतात तसं. "अरे मैडम, इतना बुरा मानने की क्या बात है. शुभ काम है."

"शुभ है तो आप कर दीजिए, सर. बालों का काम तो आप भी करते हैं."

दारात रुबीना फाइल घेऊन उभी होती, तिनं फाइल तोंडाशी धरली. साहेबांचा चेहरा मी बघितला. तेच काम, तेच केस, पण माझ्या ओळीत त्यांचं नाव घेतलं एवढ्यानं त्यांना भाजलं होतं. तेव्हा मला लख्ख कळलं. लाज कामात नव्हती. लाज त्यांनी ठरवून आमच्या वाट्याला घातली होती, आणि आम्ही घरात लपवून वाढवली होती. बाबांनी ती खळ्यावर टाकून दिली. माझ्या नवऱ्यानं अर्धं आयुष्य पोटात ठेवली. मी ठेवणार नव्हते.

आईनं मुलीचा हात धरून तिला उठवलं. अंशिका जाताना ओढणी घ्यायची विसरली, परत आली, आणि हळूच म्हणाली, "थैंक यू, मैडम." सही झाली नाही.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"अच्छा, सॉरी. अब ख़ुश?"

"हॉल में कहा था, सर. सॉरी भी हॉल में."

"आप लोगों को ज़रा सी इज़्ज़त दो तो..." वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. उरलेलं मला ऐकायची गरज नव्हती, बाबांनी ते पुष्कळदा ऐकलं होतं. म्हणाले, नहीं जमता तो छोड़ दीजिए. मी म्हटलं, सोडणार नाही. काढायचं तर लेखी काढा, कारणासकट. नहछूला गेली नाही म्हणून काढली, असं लिहा आणि सही करा.

ते पत्र काही आलं नाही. ग्रुपवरची ड्यूटी दुसऱ्या दिवशी पुसली गेली, कुणी काही न बोलता. माझ्याकडून माइक काढून घेतला. आता मी फोनवर बसते. बोरिंगचं पाणी, हेल्मेट, मुंडन. उत्तरं तीच देते, खरी. पुसलं म्हणजे लिहिलंच नव्हतं, असं होत नाही. त्या लोकांनी हॉलमध्ये ऐकलं होतं.

रविवारी आता माझी सुट्टी असते. तरी मी जाते. दुसऱ्या रांगेत बसते, पेशंटांमध्ये. साहेब शेवटची दहा मिनिटं येतात आणि विचारतात, किसी का कोई सवाल? मी हात वर करते. "सर, मेरा एक सवाल है. आपने किस हक़ से कहा था कि भेज देंगे?"

पहिल्या रविवारी ते म्हणाले, ये बाद में. दुसऱ्या रविवारी माइक बंद पडला. गेल्या रविवारी माझ्या शेजारच्या टोपीवाल्या माणसानं विचारलं, "हाँ साहब, इनका भी बता दीजिए, कब से हाथ उठाए हैं." साहेब फोन आल्याचं सांगून बाहेर गेले.

उत्तर घेणं बाकी आहे. या रविवारी अकराला परत जायचं आहे.