बावीस इंचांचं हँडल

बेबीनंदा मगरे यांनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांना सुया टोचल्या. बाळांना, बाळंतिणींना, एकदा तर धनुर्वाताच्या भीतीनं रडवेल्या झालेल्या एका फौजदारालाही. स्वतःला सुई लागणार म्हटलं की मात्र त्यांच्या तळहाताला घाम फुटायचा. ही गोष्ट रुईगव्हाणात कुणालाच ठाऊक नव्हती. ती जालन्यात मस्तगडातल्या डॉक्टरांना ठाऊक होती, आणि निवृत्तीच्या वर्षी त्यांनीच सांगितलं, की साखर खाली आली नाही तर रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागेल.

"रोज सव्वा तास हातपाय हलले पाहिजेत," ते म्हणाले. "चाला, सायकल चालवा, काय वाटेल ते करा."

बाईंनी छपरातली सायकल काढली. आरोग्यसेविका असताना याच सायकलवर लशींचा डबा बांधून त्या तलावाकाठच्या पाच वस्त्या करायच्या. रस्ता पाठ होता. गावातून निघायचं, तलावाच्या भिंतीवर मुरूम निसटता म्हणून तिथं सायकल हातात धरून दीड किलोमीटर चालायचं, सांडव्याखालून पुन्हा सायकलवर बसायचं, वस्त्यांच्या कडेनं पाण्याच्या शेपटाकडं, तलाव संपतो तिथवर जायचं आणि काकासाहेबांच्या मोसंबीच्या बागेतल्या पायवाटेनं गावात परत. एकूण नऊ किलोमीटर. तीन महिन्यांची सरासरी साखर दहावरून सातवर आली आणि तीन वर्षं तिथंच राहिली. डब्यात लशींऐवजी आता पाण्याची बाटली असे, एवढाच फरक. वस्त्यांवरच्या बाया मात्र अजून विचारायच्या, "सिस्टर, आज कशाचा डोस?"

यंदा दिवाळीनंतर काकासाहेबांनी बागेला तारेचं कुंपण घातलं. पायवाट बंद झाली.

त्यांचं चुकलं असं बाईंनाही म्हणता येईना. तलावावर मोटरसायकली घेऊन येणारी पोरं बागेतून आरपार जायची. मोसंबी तोडायची ते सोडा, पण ठिबकच्या नळ्यांवरून गाड्या घालायची. एका आठवड्यात चार ओळींच्या नळ्या चेचल्या गेल्या आणि तेवढी झाडं सुकायला लागली.

"सिस्टर, ती तार तुमच्यासाठी न्हाई," काकासाहेब तारेच्या पलीकडून म्हणाले. "पण फट ठेवली की गाड्या घुसतेत. आता मी काय दिवसभर तिथं खाट टाकून बसू का?"

बागेला वळसा घालायचा तर हायवेनं जावं लागे. बाई एकदाच गेल्या. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर इतक्या जवळून गेला, की पाचटाचा फटकारा गालाला लागला. त्या उतरल्या आणि उरलेला रस्ता कडेच्या गवतातून चालल्या.

मग तारेपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परतायचं असं ठरवलं. हिशेब बरोबर होता, माणूस कच्चं निघालं. गोल चकरेत मधून परतायची सोय नसते; अर्ध्यावर कंटाळा आला तरी घर पुढंच असतं. इथं मात्र मागं फिरायला कुठूनही चालत होतं. पहिल्या आठवड्यात त्या तारेपासून परतल्या. दुसऱ्या आठवड्यात वस्त्यांजवळच्या बाभळीपासून. तिसऱ्यात सांडव्यापासून. डिसेंबरात तर भिंतीच्या टोकाला एका ओळखीच्या घरी चहा घेऊन परत, तोही साखरेचा. रिपोर्ट आला साडेआठचा.

"आणखी तीन महिने," डॉक्टर म्हणाले. "नंतर मी ऐकणार नाही. आणि तुम्ही तर सिस्टर आहात, तुम्हाला सुईचं काय एवढं?"

बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या हायवेवरच्या वडीगोद्रीला गेल्या. पिशवीत जुनी टेप होती, गरोदर बायांचं पोट मोजायची. चहाच्या हॉटेलासमोर मोटरसायकली ओळीनं उभ्या होत्या. बाई वाकल्या आणि एकेका गाडीचं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजू लागल्या. हॉटेलातून आदिनाथ बाहेर आला. त्याला जन्मल्यावर पहिली लस बाईंनीच दिली होती. पाठोपाठ त्याचे दोस्त आले.

"सिस्टर, कितवा महिना हाय गाडीला?"

"नववा," बाई टेपवरून नजर न काढता म्हणाल्या. "तुझ्यासारखंच निघणार, पाय आधी."

दोस्त खिदळले. आदिनाथ मुकाट्यानं टेपचं दुसरं टोक धरायला पुढं आला. नऊ गाड्या मोजून झाल्या. सगळ्यांत अरुंद हँडल सत्तावीस इंच भरलं. बाईंची सायकल त्यांनी घरीच मोजली होती. बावीस.

संध्याकाळी त्या काकासाहेबांच्या घरी गेल्या. याच घरी नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षं त्यांचा चहा बाहेर ओट्यावर, वेगळ्या कपात यायचा. मग काकासाहेबांचं लग्न होऊन शिवकन्याबाई आल्या आणि लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सिस्टरला हाताला धरून चुलीपाशी नेलं. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. आताही बाई तिथंच बसल्या, त्यांनी आकडे सांगितले आणि तारेत चोवीस इंचांची फट मागितली. सुईच्या भीतीचंही सांगितलं. डॉक्टर सोडले तर ते पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असेल.

काकासाहेब थक्क झाले. "तुम्ही? सुईला?"

"हो."

"मला गुडघ्याच्या वक्ताला दोन्हीकडं टोचलं तुम्ही. वर म्हणल्या, मुंगी चावल्यावानी वाटतं!"

"मंग काय सांगायचं होतं पेशंटला?"

शिवकन्याबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "चोवीस इंच जागा ठेवायला काय अख्खी बाग जाती का? सकाळी सिस्टरची घंटी वाजली की मी चूल पेटवायचे. महिना झाला, सैपाकाला उशीर होऊन राह्यला म्हणून तुम्हीच वरडता."

काकासाहेबांनी टेप ठेवून घेतली.

चार दिवसांनी तारेत दोन सिमेंटचे खांब उभे होते, मधे मोकळी जागा. बाईंनी सायकल सरळ धरली, पायडल मारलं आणि खांबांमधून निघाल्या. हँडल गेलं. दोन्ही करंगळ्या खरचटल्या.

"चोवीस म्हणले होते ना मी?"

"तेवीस ठेवलेत," बागेतून आवाज आला. "पोरांचा काय भरवसा, आरसे काढून घालतील गाडी."

"माझी बोटं कुठं ठेवू?"

"उतरून जा की! डॉक्टरनं चालायलाच सांगितलंय न्हाई का?"

बाई उतरून गेल्या. त्या दिवशी चक्कर पुरी झाली, दुसऱ्या दिवशीही. पोरांनी एकदा मोटरसायकल घालून पाहिली. ती अडकली आणि मागं ओढून काढताना आरसा फुटला. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. पंधरवड्यात दोन्ही खांबांना हँडलच्या उंचीवर काळी नळी घट्ट गुंडाळलेली दिसली. जवळून पाहिलं तर ती ठिबकचीच होती, गाड्यांनी चेचलेली. तिचं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. जागा आणखी अर्धा इंच कमी झाली होती, पण करंगळ्या वाचल्या.

मार्चमध्ये रिपोर्ट आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खांबांपाशी उतरल्या आणि त्यांनी घंटी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाजवली. काकासाहेब एका झाडाच्या बुंध्याशी नळी सरळ करत होते.

"सात पॉइंट एक!" बाई ओरडल्या.

"कमी का जास्त?"

"कमी. सुई टळली."

"मंग बराबर," काकासाहेब म्हणाले आणि पुन्हा नळीकडं वळले.

"तुमचे उपकार झाले, काकासाहेब."

"उपकार कसले, खांब उरले होते." मग मान वर न करता, "चहा घेऊन जा. चूल पेटलीय. पण बिनसाखरेचा हाय, तिला सांगून ठेवलंय मी."

बाईंनी एका हातानं हँडल धरलं आणि सायकल दोन खांबांमधून हळूच पलीकडं नेली.