बदामाबाहेर राहिलेले मामा

माझ्या नणंदेच्या लग्नात तिच्या पाठीशी उभे राहिलेले तिचे सख्खे मामा मी कापले. सुरीनं नव्हे, बटणानं. पण नंतर घरात जे काही झालं ते पाहता सुरी परवडली असती. बरं, गपचूप कापले असते तरी चाललं असतं. मी ते मामा नसलेलं लग्न केबलवरून अख्ख्या पारनेरला दाखवलं आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं, की असंच काम हवं असेल तर आमच्याकडे या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या ह्यांचा एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत माझी मशिनं होती. दोन व्हीसीआर, मधे मिक्सर, एक टीव्ही. लग्नाचं शूटिंग करणारे पुष्कळ होते. ते कच्च्या कॅसेटा माझ्याकडे आणून द्यायचे आणि मी त्यातलं हललेलं-बिघडलेलं काढून, गाणी टाकून, नावं घालून पक्की कॅसेट करून द्यायची. ह्याला मिक्सिंग म्हणत. मी ते पुण्याला भावाकडे राहून शिकून आले होते, आणि पुण्याला शिकल्याचं जे वारं अंगात शिरतं ते सगळं शिरलं होतं. मिक्सिंगला बसताना गळ्याला रेशमी स्कार्फ बांधायचे. पारनेरात, एप्रिलमध्ये, पत्र्याखाली! घाम स्कार्फमधून ठिबकायचा, पण सिनेमावाली बाई स्कार्फशिवाय कशी असणार? सासूबाई दारातून डोकवायच्या आणि म्हणायच्या, "घसा धरलाय का गं? काढा टाकू का?"

तर, कला भरपूर होती. कॅसेटा येत नव्हत्या. शूटिंगवाले सगळे नगरला जायचे. त्या दिवाळीत हे मला म्हणाले, "हे बघ, तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू. तेव्हाही काम आलं नाही तर मशिनं देऊन टाकू. नगरच्या एमआयडीसीत, नागापूरला एका कंपनीत मी माझ्या नोकरीचं विचारून ठेवलंय." माणूस ओरडून बोलला असता तर मी भांडले असते. हे भाताचा गोळा मोडता मोडता बोलले, म्हणजे ते ठरलेलंच होतं. मशिनं गेली तर मी पुन्हा फक्त सून. ह्यांची ती नोकरी मला अजिबात नको होती.

मी विचार केला, चूक माझ्या कामात असणं शक्यच नाही. चूक जाहिरातीत आहे. केबलवाला दुपारच्या सिनेमाआधी गावातल्या जाहिराती दाखवायचा. औषधफवारणीचं दुकान, मग आम्ही, मग पिठाची गिरणी. आमच्या निळ्या पाटीवर एवढंच: 'व्हिडिओ मिक्सिंग करून मिळेल. स्टुडिओच्या मागे.' हे वाचून कोण येणार? मांजरसुद्धा येणार नाही. मी ती जाहिरात सुधारायला घेतली.

नवी जाहिरात मी रात्रंदिवस घोकली. 'तीन तासांचे लग्न पाऊण तासात! कंटाळवाणे प्रसंग काढून टाकले जातील. पुण्याच्या धर्तीवर कलात्मक मिक्सिंग.' कलात्मक ह्या शब्दावर तर मीच खूश होते. आणि नुसते शब्द नाहीत, सोबत नमुनाही. आदल्याच वर्षी झालेल्या नणंदेच्या लग्नाची कच्ची कॅसेट घरात होती. तिच्यातून मी फेटे काढले, आहेर काढले, अख्खी पंगत काढली, व्याहीभेट काढली. उरल्या मंगलाष्टका. त्यांच्यावर मी माझा सगळ्यात लाडका इफेक्ट टाकला: पत्त्यातला बदाम. पडदा सगळा लाल आणि मधोमध बदामाच्या आकारात नवरीचा चेहरा. बाकी जग लालात गडप.

बाकी जगात मामा होते.

आता आमच्याकडे मंगलाष्टका चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. ती जागा त्याची. नणंदेचे वडील ती लहान असतानाच गेलेले, त्यामुळे हे मामा तर पहाटेपासून कडक धोतर-फेट्यात तयार होते आणि मंगलाष्टकांत तिच्या खांद्यावर हात ठेवून असे उभे राहिले होते, की भटजींनासुद्धा जरा दबून म्हणावं लागत होतं. माझ्या बदामात मामांचा फक्त तो हात आला. खांद्यावर एक हात, बोटात अंगठी, आणि मनगटाच्या पुढे मालकच नाही.

मला तो हात दिसलाही होता, बरं का. मला वाटलं, छान वाटतंय, गूढ.

सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं आपल्या भावाला निरोप धाडला, आपलं लग्न केबलवर लागतंय. मामा बाजारच्या दिवशी गावातली चार मंडळी घेऊन आले आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीखालचं बाकडं धरून बसले. हे तिथे रोज चहाला जायचे, म्हणून पुढचं मला सगळं तपशिलानं कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

"आवाज वाढव रं," मामांनी हॉटेलवाल्याला सांगितलं. "आता आमी येनार हाय."

अंतरपाट आला. अक्षता आल्या. बदाम आला. बदाम गेला. पिठाच्या गिरणीची जाहिरात लागली.

"मामा, तुमी कुठं हुता?" मंडळींतला एक म्हणाला.

"कुठं म्हंजी? ह्यो काय, हात दिसला की."

"हात कुनाचाबी आसंल."

त्यावर मामा उठले आणि मंडळींना घेऊन गावी गेले. दुसऱ्या दिवशी जाहिरात परत लागली तेव्हा ते परत आले, टीव्हीपाशी गेले आणि बदाम येताच त्यांनी आपला हात काचेला लावून दाखवला. ही घ्या अंगठी! पण तेवढ्यात पडदा उलटला आणि मामांचा हात 'कंटाळवाणे प्रसंग काढून टाकले जातील' ह्या ओळीवर राहिला. हॉटेल हसलं. मामांनी मागवलेली भजी तशीच टाकली आणि सरळ एसटीत जाऊन बसले. दोन्ही दिवस बहिणीच्या घरी न येता मामा पारनेरहून परत गेले, असं कधीच घडलं नव्हतं.

हे घरी आले आणि म्हणाले, "तुझ्या बदामानं मामा खाल्ला."

मी म्हणाले, "अहो, कलेच्या दृष्टीनं बघितलं तर..."

"कला नागापूरला घेऊन जातो मी," हे म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तरीही स्कार्फ सोडला नसता. पण जो एक शूटिंगवाला अधूनमधून मला काम द्यायचा तोही आला, आणि रिकाम्या हातानं आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "वहिनी, राग मानू नका. गिऱ्हाईक मला बयाना द्यायच्या आधी इचारतंय, कॅसेट त्या पारनेरच्या बाईकडं देनार का? व्हय म्हनलं की उठून जातंय. म्हनत्यात, तीन तासाचं लगीन आमी पाऊन तासात कापून घ्यायला पैसं भरायचं व्हय? आमचे पाव्हणे ती काढून टाकनार, मग आमी त्यांला त्वांड कसं दाखवायचं?"

म्हणजे जाहिरात लोकांनी वाचली होती. अगदी नीट वाचली होती. सुधारण्याआधी तिला कोणी विचारत नव्हतं. मी सुधारल्यावर लोक तिला घाबरत होते.

सासूबाई एवढे दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "लुगडं नेस. भावाकडं जायचंय. आन् ती गळ्याची चिंधी हितंच ठेव."

मामांचं गाव खडकाळ माळावर. मामा ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेले. मामींनी सासूबाईंना चहा दिला आणि मला पाणी. पाणी दिलं हेसुद्धा पुष्कळ, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"वळखू आली का गं तुला पाठ?" मामी मला म्हणाल्या. "का फकस्त हातच वळखतीस?"

मी वाकून नमस्कार केला. मामांनी पाय आखडून घेतले. "पाय कशाला? त्येबी काप."

"मामा, चुकलंच माझं," मी म्हणाले. आणि तोंड तिथेच बंद करावं की नाही? पण मी पुण्याला शिकलेली! "म्हणजे काय आहे मामा, नवरीवर लक्ष जावं म्हणून मागचं जरा..."

"गप," सासूबाई म्हणाल्या.

मामा वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. "पोरीला बाप न्हाई. तिच्यासाटी म्या किती घरं हिंडलो, तुझ्या सासूला इचार. तिच्या मागं कुनी उभं न्हाई आसं तू समद्या तालुक्याला दाखावलंस. लोकं काय म्हनतील? पोर काय वाऱ्यावर सोडलीती?"

 ह्यावर मला रडू आलं, आणि ते पाहून मामी आत जाऊन चहा घेऊन आल्या. मामा म्हणाले, "रडू नको. परत दाव. समदं दाव."

घरी येऊन मी कच्ची कॅसेट लावली. ह्या वेळी सासूबाई शेजारी बसल्या. मी जे जे कंटाळवाणं म्हणून काढलं होतं, तिथे तिथे त्या पुढे सरकायच्या. "थांब थांब, मागं घे. ती निळ्या लुगड्यातली कोन? आगं बया, ही आलीती? आन् मला म्हनली, ताप हुता म्हनून आले न्हाई!" पंगत तर आम्ही इतक्या वेळा मागे घेतली, की व्हीसीआर तापला. कोणी कोणाच्या शेजारी बसायचं टाळलं, कोणाला फेटा बांधला आणि कोणाला नुसती टोपी घातली, कोणत्या जावेनं आहेर देताना तोंड वाकडं केलं, सगळं तिथे होतं. मी ते टोपल्यात टाकलं होतं आणि उरलेला बदाम विकायला काढला होता.

नवी जाहिरात लिहायला मला फार वेळ लागला नाही. 'लग्नाला आलेला एकही माणूस सुटणार नाही. फेटे, आहेर, पंगत, सर्व सविस्तर. मामा पूर्ण दिसतील.' शेवटची ओळ ह्यांनी खोडायला सांगितली. मी नाही खोडली. नमुन्याला मामांचा फेटा. कोऱ्या कापडाच्या घडीपासून तुऱ्यापर्यंत, कुठेही न कापता. मग नवरीच्या पाठीशी उभे असलेले अखंड मामा, डोक्यापासून जोड्यापर्यंत. केबलवाला कुरकुरला, की एवढ्या वेळात माझ्या चार जाहिराती होतात. त्याला मी सांगितलं, त्याच्या बहिणीच्या लग्नाचं मिक्सिंग करताना मी हे लक्षात ठेवीन. त्यानं कॅसेट ठेवून घेतली.

तुळशीचं लग्न झालं आणि आठवड्याभरातच कॅसेटांची पहिली पिशवी आली. 'मामा पूर्ण दिसतील' ही ओळ शूटिंगवाले गिऱ्हाइकाला तोंडानं म्हणून दाखवत होते. मग श्रीगोंद्याकडून कॅसेटा आल्या, शिर्डीच्या वाटेवरच्या गावांतून आल्या. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि घरात नागापूरचं नाव निघायचं बंद झालं. एक गृहस्थ तर स्वतःचा फोटो घेऊन आले. भाच्याच्या लग्नाला त्यांना जाता आलं नव्हतं. तेवढं पंगतीत कुठेतरी बसवून द्या म्हणाले. हे जमणार नाही असं मी सांगितलं तर मला समजावू लागले, "कडंला बसवा की. म्या काय जास्त खानार न्हाई."

मामा लगीनसराई मध्यावर आलेली असताना आले. ह्या वेळी स्टँडवरून सरळ घरीच. जेवले, पान लावलं आणि मागच्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीवर बसले. मी त्यांना ती नवी कॅसेट पहिल्यापासून लावून दिली. फेटा बांधून होईपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही. मग मंगलाष्टका आल्या, मग आहेर, मग पंगत. मी मागे उभी होते. ह्या माणसानं नाक मुरडलं असतं तर सगळ्या तालुक्याच्या पिशव्या मला फिक्या वाटल्या असत्या. कॅसेट संपली. मामांनी फेटा सावरला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाले,

"ब्येस झालंय, सूनबाई. लई ब्येस. पर मधी मधी ती नवरा-नवरी कशाला घातलीस?"