चिलमीची काडी आणि दम्याचा पंप

हळद घोळायचा ढोल फिरवून फिरवून माझ्या बाला दमा जडला. शिजवून वाळवलेली हळद त्या पिंपात घासली की पिवळी धूळ उठायची, आणि ढोल शेजारच्याच अंगणात होता. हंगामभर आम्ही दार लावून बसायचो. बाची छाती शिट्टीसारखी वाजायची. हवा आत जाती, भायेर निघंना, एवढंच तो म्हणायचा.

आधी दम्याची भुकटी होती. ती जाळून धूर घ्यायचा. औषध कमी, धूर जास्त, घरातले सगळेच खोकायचे. मग डॉक्टरांनी काचेचं नळकांडं दिलं, त्याला मागं रबरी फुगा. माय फुगा दाबत राही, औषधाचं धुकं निघत राही, बा जमेल तसा श्वास घेई. एक श्वास हुकला तरी पुढचं धुकं तयार. पण निम्मं औषध मिशीवरच बसायचं.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी नांदेडहून खिशात मावेल असा पंप आणला. सोबत तो कसा वापरायचा त्याचा इंग्रजी कागद. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. तो कागद मला वाचता येत होता, याचा मला अभिमान होता, आजही आहे.

पंप आणला त्याच दुपारी बाला दम लागला. मी पंप हलवला, त्याच्या तोंडात धरला, दाबला आणि ओढ म्हणालो. तोवर औषध जिभेवर पडलं होतं. फुग्याची सवय, बा पुढच्या धुक्याची वाट बघत राहिला. दुसऱ्या वेळीही तेच. त्याची बोटं बाजेच्या सुंभात रुतली. मी कागद उलटापालटा करत होतो.

"सायेब," बा तुटक तुटक म्हणाला, "वढायचं कवा, ते लिवलं न्हाई का?"

लिहिलं होतं. ओढता ओढता दाबायचं. पण ते बाकडून करून कसं घ्यायचं, ते मला कळेना.

मायनं माझ्या हातातून पंप घेतला. "सरक. चिलमीवर काडी म्या धरायची, तसं हाय हे."

ती चिलीम, पदवी मिळाली त्या वर्षी, दम्याला वाईट म्हणून मीच फोडली होती. माय पेटती काडी जवळ आणायची, त्याच्या आधीच बाचा झुरका सुरू झालेला असायचा, हळू, लांब. काडी मग टेकायची.

"तुमी वढा," ती बाला म्हणाली. "माझं मी बघते."

बानं ओढायला सुरुवात केली आणि मायनं मधेच दाबलं. त्यानं चिलमीचा धूर कोंडावा तसा श्वास कोंडून धरला. थोड्या वेळानं शिट्टी खाली आली.

मी दार उघडायला उठलो.

"ऱ्हाऊ दे," बा म्हणाला. "ढोल चालूच हाय."

मी परत बसलो. हळदीचा हंगाम संपायला अजून महिना होता.